दोन्ही हात सरळ

वीतभर उंचीचं पारदर्शक प्लॅस्टिकचं नळकांडं असतं ते. आत सेल्युलोज ॲसिटेटचे पांढरे मणी भरलेले, 220 ग्रॅम. एकेक मणी 2 मिलिमीटरचा, राजगिऱ्याहून मोठा आणि ज्वारीहून लहान. रुग्णाच्या एका हाताच्या शिरेतून रक्त बाहेर घ्यायचं, मिनिटाला 30 मिलिलिटर अशा संथ गतीनं या मण्यांमधून जाऊ द्यायचं आणि दुसऱ्या हातातून परत अंगात सोडायचं. तासाभरात 1800 मिलिलिटर रक्त फिरतं. मोठ्या माणसाच्या अंगातल्या रक्ताचा साधारण तिसरा हिस्सा. रक्त गोठू नये म्हणून जे द्रव्य द्यावं लागतं ते सोडलं, तर औषध म्हणून शरीरात काहीच घातलेलं नसतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याला आतून सोलवटून काढणारा आजार. त्याच्यावर जपानमध्ये 2000 च्या सुमारापासून हा उपचार विम्यातून मिळतो. पुढे क्रोन्स या आतड्याच्याच दुसऱ्या आजाराच्या काही रुग्णांसाठीही तो सुरू झाला. त्याची यंत्राकडची बाजू मी सांभाळते.

मी मूळची मिरजेची. तिथल्या एका रुग्णालयात डायलिसिस टेक्निशियन होते. पुढे पुण्यात नोकरी करता करता जपानी शिकले, इकडे आले, तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि राष्ट्रीय परीक्षा पार करून ‘रिन्शो कोगाकु गिशी’ झाले. डायलिसिस, हार्ट-लंग मशीन, व्हेंटिलेटर अशी जीव तगवणारी यंत्रं चालवणारा परवानाधारक माणूस म्हणजे गिशी. जपाननं 1987 साली कायदा करून हा पेशा उभा केला. मला नोकरी लागली ती गुन्मा प्रांतात. ते मण्यांचं नळकांडं, म्हणजे अडाकॉलम नावाचा कॉलम, तयार करणारी कंपनी याच प्रांतातल्या ताकासाकीची. माझे बहुतेक दिवस डायलिसिस विभागातच जातात. आतड्याच्या रुग्णांसाठी शेजारच्या खोलीत दोन पलंग राखलेले आहेत, आणि खरं सांगायचं तर सकाळी कामाची वाटणी होते तेव्हा माझं लक्ष आधी त्या दोन पलंगांच्या रकान्याकडे जातं.

डायलिसिसची सवय असलेल्या हाताला हे काम सुरुवातीला परकं वाटतं. डायलिसिसच्या रुग्णाला फिस्टुला असतो. धमनी शिरेला जोडून मुद्दाम फुगवलेली, बोटाखाली थरथरणारी रक्तवाहिनी. तिच्यातून मिनिटाला दोनशे-अडीचशे मिलिलिटर रक्त सहज मिळतं. चार तासांनी किती पाणी काढलं, वजन किती उतरलं, युरिया कितीवर आला, सगळं आकड्यांत दिसतं. सूज उतरलेला माणूस स्वतःच सांगतो, आता बरं वाटतंय. इथे यातलं काही नाही. पाणी काढलेलं नसतं. वजन तेच. तासानंतर माणूस उठतो तो आला होता तसाच, फिकट आणि थकलेला. उपयोग झालाच तर तो दोन-तीन आठवड्यांनी कळतो, तोही त्याच्या घरच्या संडासात, जिथे मी नसते.

आणखी एक फरक मला फार मोठा वाटतो. मिरजेत जे रुग्ण माझ्याकडे यायचे ते कायमचे. आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षं. त्यांचं येणं थांबलं की कारण बहुधा विचारावं लागत नसे. इथला रुग्ण आठवड्यातून एकदा किंवा दोनदा येतो, पाच ते दहा वेळा, आणि मग त्यानं येऊ नये हीच सगळ्यांची इच्छा असते. 2022 पासून आजार पुन्हा उसळू नये म्हणून दर दोन आठवड्यांनी हाच उपचार जास्तीत जास्त 48 आठवडे करण्याची सोय विम्यात झाली, त्यामुळे काही चेहरे आता वर्षभर दिसतात. तरीही त्यांच्या येण्याला शेवट ठरलेला आहे. यंत्राला जोडलेल्या माणसाला ‘पुढच्या महिन्यात तुमचं संपलं’ असं सांगता येणं, हे मी इथेच पहिल्यांदा अनुभवलं.

आजार कसा असतो ते पुस्तकात मी पूर्वी वाचलं होतं. कळला तो या खोलीत. सुरुवात पुष्कळदा विशीत, अभ्यासाच्या किंवा नोकरीच्या ऐन दिवसांत. शौचावाटे रक्त आणि शेम पडते, पोटात कळ येते, आणि ती आली की थांबायला वेळ देत नाही. उसळी मोठी असली तर दिवसात दहा-पंधरा वेळा, रात्री झोपेतून उठून. आपल्याकडे याला पहिले कित्येक आठवडे रक्ती आव म्हणून गोळ्या दिल्या जातात, आणि त्यात आश्चर्य नाही; आव आपल्याकडे खरोखरच जास्त आहे. जपानमध्ये या आजाराचे दोन लाखांहून अधिक रुग्ण आहेत. माजी पंतप्रधान शिंझो आबे यांनी 2007 आणि 2020 अशा दोन वेळा पद सोडलं, त्या दोन्ही वेळी मागे हाच आजार होता. देशाच्या सर्वोच्च खुर्चीवरच्या माणसालाही हे झाकता आलं नाही, ही गोष्ट इथले रुग्ण एकमेकांना सांगतात. त्यात कुणाचं वाईट चिंतणं नसतं. आपला आजार लोकांना नावानं माहीत आहे, एवढाच दिलासा असतो.

या उपचाराचं निम्मं यश शिरेवर ठरतं असं मी म्हणते, आणि आमच्याकडच्या अनुभवी नर्सही तेच म्हणतात. फिस्टुला नसतो, त्यामुळे कोपराच्या आतल्या साध्या शिरेतूनच तासभर रक्त ओढायचं. ती शीर आधीच गरीब झालेली असते. जुलाबांनी शरीर सुकलेलं, रक्त जाऊन हिमोग्लोबिन खाली आलेलं, स्टेरॉइड घेऊन घेऊन कातडी पातळ झालेली, मागच्या भरतीतल्या सलाइनच्या सुयांनी जागोजागी काळंनिळं. पंपानं ओढलं की शिरेची भिंत सुईच्या तोंडाला चिकटते, रक्त येईनासं होतं आणि अलार्म वाजतो. सुई डॉक्टर नाहीतर नर्स घालतात. मी आदल्या वेळची नोंद समोर ठेवते: कुठली शीर, किती खोल, कुठल्या कोनात चाललं, केव्हा दाब घसरला. पुढच्या वेळी शक्यतो दुसरी जागा घ्यायची, कारण एकच शीर दहा वेळा टोचली तर दहाव्या वेळी ती उरलेली नसते.

हिवाळ्यात हे सगळं अवघड होतं. गुन्मात डोंगरांवरून कोरडा, बोचरा वारा सुटतो, त्याला कराक्काझे म्हणतात. त्या वाऱ्यातून सायकलवर आलेल्या माणसाच्या हातावर शीर शोधणं म्हणजे वेळेशी झगडा. म्हणून आमच्याकडे रुग्ण आल्याबरोबर सुईचं नाव काढत नाहीत. आधी बसवायचं, दोन्ही कोपरांवर गरम ओला टॉवेल गुंडाळायचा, कोमट पाणी प्यायला द्यायचं. पाण्याला बरेच जण नको म्हणतात. प्यायलो तर पोट ढवळेल, तासाभरात जावं लागेल, ही धास्ती. मग एकेक घोट घ्यायला सांगत बसायचं. हा वेळ कुठल्याही तक्त्यात धरलेला नसतो, पण तो दिला नाही तर पुढचा तास हमखास वाया जातो, हे मी छातीठोकपणे सांगते.

रुग्णाला गरम टॉवेल गुंडाळलेला असतो तेव्हा माझं प्रायमिंग चाललेलं असतं. कॉलम सलाइननं भरपूर धुवायचा. मण्यांत अडकलेली हवा बाहेर यावी म्हणून त्याला तळहातानं थापट्या मारायच्या, उलटासुलटा करून पाहायचा. बुडबुडा राहिला तर तेवढ्या जागेतून रक्त जात नाही, आणि थांबलेलं रक्त गोठतं. रक्त गोठू नये म्हणून आम्ही बहुधा नाफामोस्टॅट वापरतो. मिरजेत आमचं सगळं हेपरिनवर चालायचं. हेपरिनचा असर तासन्‌तास राहतो. ज्याच्या आतड्यातून आधीच रक्त झिरपतंय त्याला ते जपूनच द्यावं लागतं. नाफामोस्टॅट काही मिनिटांत मोडतं, म्हणजे त्याचं काम मुख्यतः नळीत आणि मण्यांत होऊन संपतं. मात्र त्याची पूड थेट सलाइनमध्ये टाकली तर द्रावण गढूळ होतं. आधी ग्लुकोजच्या पाण्यात विरघळवायची. क्वचित एखाद्याला त्याचं वावडंही निघतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला पहिली काही मिनिटं मी पलंगापासून हलत नाही.

मग तो तास. रक्त ओढणारा हात कोपरात जराही वाकवायचा नाही. परतीच्या हाताला थोडी मोकळीक असते, पण तीही थोडीच. दोन्ही हात सरळ, तळवे वर, आणि माणूस छताकडे बघत पडलेला. नाक खाजलं तर खाजवता येत नाही. चष्मा घसरला तर वर करता येत नाही. आणि ज्याच्या आयुष्याचा सगळा बेत संडास किती जवळ आहे यावर ठरतो, त्याला आपण सांगतो की आता तासभर उठायचं नाही.

या भीतीचा विचार न करता हा उपचार देणारी जागा मला अपुरी वाटते. आमची खोली संडासाच्या समोर आहे, ती तशी मागून घेतलेली आहे. सुई घालण्याच्या अगदी आधी एकदा जाऊन यायचं. मधे कळ आलीच तर काय करायचं ते आम्ही आधीच सांगून ठेवतो: पंप थांबवता येतो, रक्त सलाइननं परत करता येतं, सुया जागेवर ठेवून पडद्याआड कमोड आणता येतो, आणि यातलं काहीही झालं तरी कुणाला त्रास होत नाही, कुणी रागावत नाही. एवढं नीट, शांतपणे, शब्द न चोरता सांगितलं की बहुतेकांना कळ येतच नाही. न सांगितलेल्या माणसाला ती विसाव्या मिनिटाला येते. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की माझ्या दृष्टीनं ते सांगणं प्रायमिंगइतकंच उपचाराचा भाग आहे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षातला एक मुलगा यायचा. नोकरीच्या मुलाखतींचा काळा सूट घालूनच यायचा, कारण इथून थेट तोक्योची गाडी पकडायची असायची. ताकासाकी मार्गावरच्या कुठल्या स्टेशनात संडास फलाटावर आहे आणि कुठे जिना चढून जावं लागतं, हे त्याला तोंडपाठ होतं. स्टेरॉइड घेतलं की त्याला बरं वाटायचं, डोस उतरवला की आजार परत. चेहरा गोल झाला होता, आणि त्याला त्याचंच जास्त वाईट वाटायचं. मुलाखतीच्या अर्जावरचा फोटो आणि आपण वेगळे दिसतो असं म्हणायचा. आठवड्यातून दोनदा असा क्रम त्याला दिला. काही आठवड्यांनी तो मुलाखतीहून परत येताना मधे कुठेही न उतरता आला, हे त्यानं मला सांगितलं तेव्हा नर्सबाईंनी आणि मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. पुढे स्टेरॉइडचा डोस उतरत गेला तरी आजारानं डोकं वर काढलं नाही.

दुसऱ्या एक आजी. गुन्माच्या डोंगराळ भागात कोन्न्याकूचा कंद पिकवतात, त्या शेतात आयुष्य गेलेलं. सत्तरी ओलांडल्यावर हा आजार उपटला. मधुमेह होता, मणक्याची हाडं ठिसूळ झालेली, म्हणजे स्टेरॉइड दिलं तर साखर चढणार आणि हाड मोडणार. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्या वयात जंतुसंसर्गाला आमंत्रण. अशा माणसांसाठी हा उपचार खरा कामाचा आहे, असं माझं मत आहे. आजींच्या शिरा शेतात राबलेल्या हाताच्या, ठळक आणि सरळ. नर्सना त्यांचा पलंग मिळाला की आनंद व्हायचा. नाक खाजलं की त्या ओठ मुडपून माझ्याकडे बघायच्या आणि मी टिश्यूनं त्यांचं नाक पुसायचे. पहिल्या वेळी त्यांना फार संकोच वाटला. तिसऱ्या वेळी त्यांनी मला डावीकडे, जरा वर, असं सांगायला सुरुवात केली.

आता मण्यांकडे वळते, कारण इथे मला जे समजलं त्यानं माझी या उपचाराकडे बघण्याची नजर बदलली. सोपं स्पष्टीकरण असं: आतड्यात जाऊन दंगा करणाऱ्या पांढऱ्या पेशी, ग्रॅन्युलोसाइट आणि मोनोसाइट, या मण्यांना चिकटतात आणि बाहेर राहतात. प्लाझ्मातली काही प्रथिनं, अँटिबॉडी आणि काँप्लिमेंटचे तुकडे, आधी मण्यावर बसतात. या पेशींच्या अंगावर त्याच प्रथिनांना पकडणाऱ्या खुंट्या असतात, म्हणून त्या अडकतात. कॉलममधून जाणाऱ्या रक्तातले साधारण 65 टक्के ग्रॅन्युलोसाइट आणि 55 टक्के मोनोसाइट त्यात राहतात. लिम्फोसाइट जवळपास सगळे सुटून जातात. तास संपतो तेव्हा मण्यांवर फिकट गुलाबी छटा आलेली असते.

पण हिशोब मांडून पाहा. शरीर दिवसाला शंभर अब्जांच्या आसपास ग्रॅन्युलोसाइट बनवतं. तासाभरात कॉलम पकडतो काही अब्ज. सुरुवातीला रक्तातली पांढऱ्या पेशींची संख्या जरा उतरते, आणि तास संपेपर्यंत अस्थिमज्जेतून नव्या पेशी येऊन ती भरूनही निघते. म्हणजे नुसतं काढून टाकणं एवढंच असतं तर हा उपचार चालायलाच नको. संशोधकांचं म्हणणं असं की अडकलेल्या पेशी मण्यांवर असताना दाह शमवणारी काही द्रव्यं सोडतात आणि ती परतीच्या रक्तात जातात. ज्या पेशी सुटून जातात त्यांची आतड्याच्या भिंतीला चिकटण्याची ओढ कमी झालेली असते. आणि नव्यानं आलेल्या पेशी कोवळ्या, कमी आक्रमक असतात. यातलं कशाचं किती वजन, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. डायलिसिसमध्ये काढून टाकणं हाच उपचार, त्यामुळे मी वर्षानुवर्षं तसाच विचार करत आले होते. इथे रक्त बाहेर येऊन काहीतरी वेगळं होऊन आत जातं. हे समजल्यापासून परतीच्या नळीकडे मी जास्त लक्ष देते.

आणि मग उत्तर अमेरिकेतली ती चाचणी. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 168 रुग्णांपैकी काहींना खरा कॉलम आणि काहींना खोटा फेरा दिला. खोट्यातही सुया त्याच, पंप तोच, नळ्या त्याच, वेळ तोच. फक्त मण्यांमधून रक्त गेलं नाही. पडदा लावलेला, त्यामुळे कुणाला काय मिळतंय ते रुग्णाला कळत नव्हतं. बारा आठवड्यांनी खऱ्या उपचारानं 17 टक्के रुग्ण पूर्ण शांत झाले, खोट्यानं 11 टक्के. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. अमेरिकेत हा उपचार रुजला नाही त्याचं एक मोठं कारण हेच.

मी ते वाचलं तेव्हा कित्येक दिवस अस्वस्थ होते. टाळ्या वाजवल्या त्या कशासाठी, असा प्रश्न पडला. आमच्या विभागात काही जण ‘त्या चाचणीतले रुग्ण वेगळे होते’ असं म्हणून मोकळे होतात. त्यात तथ्य असू शकतं. नंतरच्या विश्लेषणात असं दिसलं की ज्यांच्या आतड्याच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली खरोखर व्रण होते, त्यांच्यात फरक जास्त होता. पण चाचणी संपल्यावर शोधून काढलेल्या गटावर फार भार टाकू नये, हेही मला शिकवलेलं आहे. 2009 साली जपानमधल्या एका अभ्यासानं आठवड्यातून एकदा आणि दोनदा यांची तुलना केली: एकदावाल्यांत 54 टक्के शांत झाले, दोनदावाल्यांत 71.2 टक्के, आणि तिथवर पोचायला सरासरी 28.1 दिवसांऐवजी 14.9 दिवस लागले. दोनदा केल्यानं लवकर गुण येतो हे आम्ही रोज पाहतो. मात्र त्यात खोटा फेरा नव्हता. दोनदा येणाऱ्याला आमचं लक्षही दुप्पट मिळतं.

माझं मत मी त्यानंतर बनवलं आणि अजून ते बदललेलं नाही. हा उपचार सगळ्यांसाठी नाही. आजार मध्यम आहे, स्टेरॉइड अजून फारसं दिलेलं नाही किंवा देता येत नाही, वय झालेलं आहे, संसर्गाची भीती आहे, गरोदरपण आहे, अशांना तो द्यावा, कारण त्याचे दुष्परिणाम खरोखर थोडे आहेत: डोकं दुखणं, जरा मळमळ, सुईच्या जागी काळंनिळं. आणि ज्याला तो लागू पडत नाही त्याला ताटकळत ठेवू नये. एक गृहस्थ होते, कारखान्यात रात्रपाळी करायचे. सगळे फेरे पूर्ण झाले. एकदाही शिरेनं दगा दिला नाही, सर्किट गोठलं नाही, तांत्रिक बाजूनं सगळं सुरेख. आणि आतडं होतं तसंच. शेवटच्या दिवशी त्यांनी आम्हालाच धीर दिला, की तुम्ही सगळं नीट केलंत. पुढे डॉक्टरांनी बायोलॉजिक प्रकारचं औषध सुरू केलं आणि त्यानं त्यांना गुण आला. म्हणून अर्धे फेरे झाले की शौचाची वही, रक्ताचे अहवाल आणि मलातलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यातला दाह दाखवणारं प्रथिन, समोर ठेवून पुन्हा विचार व्हावा, असा माझा आग्रह असतो. गिशी असून बैठकीत मी हे बोलते. तिथे ऐकून घेतात.

पैशाचं बोललं पाहिजे, कारण मी जिथून आले तिथे पहिला प्रश्न तोच असतो. कॉलम एकदाच वापरायचा. एकाची किंमत लाख येनच्या वर जाते. असे दहा. हे इथल्या सामान्य माणसाला परवडतं त्याचं कारण कायदा आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस सरकारनं ठरवलेल्या दुर्धर आजारांत मोडतो. 2015 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार आजार ठरावीक तीव्रतेचा असला की रुग्णानं खर्चाचे 20 टक्केच द्यायचे, आणि त्यालाही उत्पन्नाप्रमाणे महिन्याची मर्यादा. सगळ्यात जास्त कमावणाऱ्यालाही 30,000 येनपुढे जावं लागत नाही. सौम्य आजारवाले मात्र बरेचदा या सवलतीबाहेर राहतात, ही मला या व्यवस्थेतली खटकणारी गोष्ट आहे. उपचारानं आजार सौम्य झाला की सवलत जाण्याची काळजी सुरू होते.

मिरजेत ज्यांनी मला फिस्टुलाला सुई घालायला शिकवलं त्या दादांचा मध्यंतरी फोन आला. त्यांच्या भाचीला हाच आजार निघाला होता. “अगं, तिकडं तुम्ही आतड्यासाठी रक्त फिरवता म्हणं. खरं काय? पंप आपल्याकडं बी हाय. कॉलम तेवढा मागवला तर?” दादांच्या आवाजातली घाई मला कळत होती. मी तिथे काम करत होते तेव्हा हा कॉलम आमच्याकडे कुणी पाहिलेलाही नव्हता.

भारतात या उपचाराला जागा आहे असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण क्षयरोग. दाह थांबवणारी काही नामांकित इंजेक्शनं शरीरात निजलेला क्षय जागा करू शकतात, म्हणून ती देण्याआधी तपासण्या कराव्या लागतात, कधी आधी क्षयाची औषधं द्यावी लागतात. आपल्याकडे निजलेला क्षय किती जणांच्या अंगात आहे हे वेगळं सांगायला नको. शिवाय आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांत फरक करणं भल्याभल्या डॉक्टरांना जड जातं. प्रतिकारशक्ती न दाबणारा उपचार अशा देशात नीट पारखून पाहिला पाहिजे, खोट्या फेऱ्यासह, आपल्याच रुग्णांवर. तसं व्हावं यासाठी मला जे काही शिकवता येईल ते शिकवायला मी केव्हाही येईन, हे मी दादांना सांगितलं.

पण भाचीसाठी मी कॉलमचं नाव घेतलं नाही. मी डॉक्टर नाही, हे आधी सांगून तिचे कागद पाठवायला सांगितले आणि आमच्या डॉक्टरांशी बोलून तिच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून दिले. मेसालाझिनची गोळी पूर्ण डोसात चालू आहे का? आजार शेवटच्या भागात जास्त असेल तर खालून द्यायचा एनिमा सुरू आहे का? अमिबा आणि क्षय तपासून झाला का? स्टेरॉइड उतरवण्याचा क्रम कागदावर लिहून दिलाय का? दुसऱ्या दिवशी कळलं की एनिमा लिहून दिलेला होता, पण एकत्र कुटुंबात, एकाच संडासाच्या घरात तिला तो घेणं लाजेचं वाटत होतं, म्हणून तिनं तो बंद केला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या मामीनं मग रात्री सगळे निजल्यावर तिच्यासाठी आतली खोली मोकळी करून दिली. स्टेरॉइड आता उतरतंय.

दादांनी त्यानंतर पुन्हा फोन केला, या वेळी कामाचं विचारायला. फिस्टुला नसताना साध्या शिरेतून तीसचा प्रवाह तासभर टिकवता कसा, आणि सुई कितीची घालता? ते दोन्ही मी त्यांना सविस्तर सांगितलं, गरम टॉवेलपासून.